बंब पेटला का?

साताऱ्याचं आमचं जुनं घर पाडून त्याच जागी तीन मजली घर बांधायचं ठरलं, तेव्हा खोल्यांच्या वाटपावरून वाद होतील अशी मला धास्ती होती. ते झाले नाहीत. देवघर कुठं, जिना कुठं, हेही पटकन ठरलं. वाद झाला तो आंघोळीच्या गरम पाण्यावरून.

घरात माणसं तेरा. त्यांत पावणेसातला शाळेची बस गाठणारी दोन मुलं, सातच्या एसटीनं पुण्याला जाणारा पुतण्या, सकाळी फिरून आल्याशिवाय आंघोळीला न जाणारे माझे भाऊ आणि सगळ्यांत वडील म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांची काकू. थोरला पुतण्या म्हणाला, प्रत्येक न्हाणीघरात विजेचा गीझर लावून टाकू, कटकट नको. धाकटा म्हणाला, छपरावर सोलर बसवू, ऊन फुकट आहे. त्याच्या बायकोनं हीट पंपाचं माहितीपत्रक आणलं. भाऊ म्हणाले, "गॅस गीझरइतकं स्वस्त काही नाही." त्यावर मात्र सगळे गप्प झाले. का, ते पुढं सांगतो.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. नळ, टाक्या आणि व्हॉल्व्ह यांतलं मला फारसं कळत नाही. पण सगळ्यांचं बोलून झाल्यावर सूनबाई म्हणाली, "काका, तुम्ही काहीच बोलत नाही. हे पाणी तापवण्याचं लोकांनी पूर्वी कसं ठरवलं असेल?" प्रश्न मला आवडला. मी महिनाभराची मुदत मागून घेतली आणि पुस्तकं काढून बसलो. त्या महिन्यात जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात आमच्याच न्हाणीघरापासून करतो. माझ्या लहानपणी घरात सतरा माणसं होती आणि एक बंब होता. तांब्याचा, कमरेइतका उंच, पितळी तोटीचा. पहाटे चारला काकू उठायची. आदल्या रात्री आडाचं पाणी भरून ठेवलेलं असायचं. बंबातली राख काढायची, कागदाच्या बोळ्यावर काटक्या, त्यावर लाकडाचे ढलपे, कधी गोवरीचा तुकडा, कधी नारळाची करवंटी. मग फुंकणी. ओली लाकडं आली असतील त्या दिवशी काकूचे डोळे सकाळभर लाल असायचे. थोड्या वेळानं आजोबांची माजघरातून हाक यायची, "बंब पेटला का?" घरातला दिवस त्या प्रश्नानं सुरू व्हायचा.

बंबाच्या आधी काय होतं, तर मागच्या अंगणातलं चुलाणं आणि त्यावरचा हंडा. हंड्याखाली जाळ घातला की निम्मी ऊब हंड्याच्या कडेनं निसटून वाऱ्यावर जाते. बंबात ती युक्तीच उलटी केलेली आहे. विस्तव पाण्याच्या खाली नाही, पाण्याच्या पोटात आहे. मधोमध एक उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, वर धुराडं; आणि नळीभोवती पाणी. ज्वाळा आणि तापलेला धूर त्या नळीतून वर जाताना चहूबाजूंनी पाण्याला ऊब देत जातात. रशियातला चहाचा समोवार हुबेहूब असाच असतो. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनातही हेच तत्त्व होतं. इंग्लंडात १८२९ साली शर्यत जिंकलेल्या स्टीफन्सन यांच्या 'रॉकेट' इंजिनाच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या पंचवीस नळ्या होत्या. आमच्या बंबात एकच होती, एवढाच काय तो फरक. आणखी एक फरक मात्र महत्त्वाचा. इंजिनाचा बॉयलर बंद असतो, त्यात वाफेचा दाब चढतो. बंबाचं तोंड वर सैल झाकणाचं, म्हणून तो कधी फुटत नाही. त्याला एकच पथ्य: आतलं पाणी संपू द्यायचं नाही. जितकं काढलं तितकं वरून ओतायचं. कोरडा बंब पेटता राहिला की नळीचे जोड सुटतात आणि बंब तांबट आळीला पाठवावा लागतो.

तांबट आळी म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतली. पेशवाईत कोकणातून आलेले हे कारागीर. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं ओळीनं ठोके देत ते जे मठारकाम करतात, त्यानं भांड्याला नुसती नक्षी मिळत नाही, पत्रा कडक आणि मजबूत होतो. हंडे, घंगाळी, बंब ही त्यांची ठरलेली कामं. आज ते बंब दिवाणखान्यात शोभेला ठेवतात. पण त्या आळीतून जाताना ठोक्यांचा आवाज आला की मला पहाटेच्या धुराचा वास येतो.

आता या शब्दाची गंमत पाहा. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असं भाषेचे अभ्यासक सांगतात. तिकडं त्याचा अर्थ पाणी उपसायचा पंप. आपल्याकडं आगीचा बंब म्हणतात तो त्या अर्थाला धरून आहे. पुढं तोच शब्द पाणी तापवण्याच्या भांड्याला चिकटला. म्हणजे आग विझवणारा तो बंब आणि आग पोटात घेऊन बसणारा तोही बंब! जुन्या न्हाणीघरात नजर फिरवा. बादली, पिंप, घमेलं, नळाची चावी, हे सगळे शब्द पोर्तुगिजांकडून आलेले मानले जातात. मात्र ऊन पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करायचं, त्याला आपला अस्सल शब्द आहे, विसण. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं हिशेबाला लागणार आहे.

मोठ्या कुटुंबाला पुरेल इतकं गरम पाणी ही अडचण काही आपलीच नव्हे. रोमन लोकांची सार्वजनिक स्नानगृहं प्रसिद्ध आहेत. तिथं रोज शेकडो माणसं आंघोळीला येत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस यानं त्याची व्यवस्था लिहून ठेवली आहे. भट्टीवर काशाचे तीन मोठे हंडे बसवायचे: एक कढत पाण्याचा, दुसरा कोमट पाण्याचा, तिसरा गार पाण्याचा. कढत हंड्यातून जेवढं पाणी जाईल तेवढं कोमट हंड्यातून त्यात यावं, आणि कोमटात गार हंड्यातून. म्हणजे कढत हंड्यात एकदम गार पाणी कधी पडतच नाही. उपसा चालू असतानाही त्याची ऊब टिकून राहते.

हे वाचलं आणि मला आमची काकू आठवली. बंबातून एक बादली काढली की ती वरून आडाचं गार पाणी ओतत नसे. बंबाच्या कडेला टेकवून ठेवलेल्या घागरीतलं पाणी ओते. धुराड्याच्या उबेनं ते थोडं कोमटलेलं असे. विट्रुव्हियस तिनं ऐकलेलाही नव्हता. पण सतरा माणसांची आंघोळ ओळीनं उरकायची असेल तर गार पाणी एकदम घालून चालत नाही, हे तिला हातानं कळलं होतं.

आपल्या बाजूला बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मोगलांचा हमामखाना आहे. तिथंही पाणी तापवून खेळवण्याची सोय होती. पण रोम काय, बुऱ्हाणपूर काय, जाळ घालणारी माणसं भिंतीपलीकडं असत आणि आंघोळ करणाऱ्याला ती दिसत नसत. घरातल्या बंबाचं तसं नव्हतं. जाळ घालणारी घरचीच होती. तरीही ती आम्हांला दिसत नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठ्या घरांत नळानं गरम पाणी फिरवण्याची हौस सुरू झाली. इंग्लंडात स्वयंपाकाच्या शेगडीमागं लोखंडी बॉयलर बसवत. जेवण शिजता शिजता पाणी तापे, नळीनं वर चढे. सोय उत्तम, पण कडाक्याच्या थंडीत नळ्यांतलं पाणी गोठलं आणि खाली कुणी शेगडी पेटवली की वाफेला वाट उरत नसे आणि बॉयलर फुटे. माणसं दगावत. दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यानं सतराव्या शतकातच दाखवली होती. पण घरगुती बॉयलरला ती लावायची शिस्त यायला फार दिवस गेले. आज विजेच्या गीझरखाली ती बोटभर पितळी झडप असते. तिच्यातून थेंब गळतात म्हणून कुणी ती बुच मारून बंद करतात. तसं करू नका.

मग आला गीझर. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यानं गॅसवर चालणाऱ्या पाणी तापवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ सजावटीची रंगकामं करणारा. आइसलँडमध्ये जमिनीतून उकळत्या पाण्याचं कारंजं उडतं, त्याचं नाव गेसिर. त्यावरून यानं आपल्या यंत्राला 'गीझर' नाव दिलं. तोटी उघडायची, गॅस पेटवायचा, पाणी तत्क्षणी गरम. टाकी नाही, वाट पाहणं नाही. लोक चकित झाले. पण त्या पहिल्या यंत्राला एक मोठी उणीव होती. त्याला धुराडं नव्हतं. जळलेला वायू थेट न्हाणीघरात यायचा.

आता आमच्या घरात गॅस गीझरच्या नावानं सगळे गप्प का झाले, ते सांगतो. २००३ सालचा डिसेंबर. माझा चुलतभाऊ पुण्यात एका लहान सदनिकेत राहत होता. न्हाणीघर चार फूट बाय पाच फूट. थंडी म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा लावलेला. आत गॅस गीझर. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी सकाळी आंघोळीला गेली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पाण्याचा आवाज चालूच. वहिनीनं हाका मारल्या, आतून उत्तर नाही. भावानं दाराला खांदा दिला. कडी जुनी, मोडकी. दुसऱ्या धक्क्याला निघाली. पोरगी फरशीवर पडलेली. दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर दोन तासांनी तिनं डोळे उघडले.

डॉक्टरांनी आम्हांला समजावलं, ते तुम्हांलाही ठाऊक असावं म्हणून सांगतो. गॅस जळायला प्राणवायू लागतो. कोंदट खोलीत तो कमी पडला की ज्वाळा अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीनं धरतं, त्याच्या दोनशेपटींहून अधिक ओढीनं या वायूला धरून बसतं. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही. डोकं जड होतं, पाय लटके पडतात आणि कडी काढायचं भान राहत नाही. गीझर बसवणाऱ्यानं खिडकीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. आम्हीही विचारला नव्हता.

त्या दिवशी रात्री काकू एवढंच म्हणाली, "बंबाचा धूर डोळ्यांत तरी जायचा." बंबाचं धुराडं ती आठवड्याला झाडायची आणि न्हाणीघराचं गवाक्ष ऐन थंडीतही कुणाला लावू द्यायची नाही. आम्ही मुलं कुरकुर करायचो. विषारी वायू बंबातही होत असणारच. पण धूर दिसायचा, झोंबायचा, म्हणून खिडकी उघडी राहायची. नव्या यंत्रात धूर दिसेनासा झाला, तशी खिडकीही बंद झाली. १८६८ साली लंडनमध्ये जी चूक झाली, तीच आम्ही एकशे पस्तीस वर्षांनी पुण्यात केली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हे घडलं, याची मला लाज वाटते. गॅस गीझर वापरायचाच असेल, तर तो न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत बसवावा, पाणी फक्त आत आणावं.

पुढचा टप्पा साठवणीचा. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात एडविन रूड नावाच्या नॉर्वेजियन अभियंत्यानं १८८९ साली आपोआप चालणारा टाकीचा हीटर तयार केला. पाणी ठरावीक ऊब घेतलं की विस्तव आपला आपण मंद होणार, निवलं की पुन्हा वाढणार. आपल्या घरातला विजेचा गीझर याच कुळातला. पहाटे चारला उठून फुंकणी घालायचं काम आता एका लहानशा तापनियंत्रकाकडं गेलं. मला हा शोध आगगाडीइतका मोठा वाटतो. फक्त त्याचा फायदा झालेल्या बाया इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत, म्हणून त्याचं कौतुकही नाही.

आणि सूर्य? उन्हावर पाणी तापवणं ही काही काल-परवाची गोष्ट नव्हे. आणि त्यातलं एक प्रकरण चक्क मुंबईत घडलेलं आहे, हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज मुंबईत सरकारी नोकरीत होता, डेप्युटी रजिस्ट्रार म्हणून. उष्ण देशांत लाकूड आणि कोळसा यांच्याऐवजी ऊन वापरता येईल, या ध्यासानं त्याला पछाडलं होतं. त्यानं आपल्या बंगल्याच्या आवारात अनेक लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. १८७८ साली या प्रयोगांवर त्याचं पुस्तकही निघालं. त्याच्या सूर्यचुलीवर जानेवारी महिन्यात सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजला होता. पण पुढं कुणी ते उचललं नाही. कोळसा मिळत होता, लाकूड मिळत होतं, आणि फुंकणी घालायला घरोघर बाया होत्याच.

घरगुती वापराचं काम अमेरिकेत झालं. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप यानं १८९१ साली 'क्लायमॅक्स' नावाच्या सौर हीटरचं पेटंट घेतलं. काच लावलेल्या लाकडी पेटीत काळ्या रंगाच्या पाण्याच्या टाक्या, एवढंच. दुपारी पाणी छान तापे. पण टाक्या त्याच पेटीत असल्यामुळं रात्रभरात सगळी ऊब निघून जाई, आणि सकाळी, म्हणजे नेमकी गरज असे तेव्हा, पाणी गारढोण. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली यानं हा गुंता सोडवला. त्यानं तापवणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगळी केली. टाकी वर ठेवली आणि तिला ऊबदार वेष्टन घातलं. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. त्यानं नाव दिलं 'डे अँड नाइट', दिवस आणि रात्र. आज आपल्या गच्च्यांवर दिसणारी सोलरची मांडणी मुळात ही बेलीची. धंदा जोरात चालला. पुढं १९२०च्या दशकात लॉस एंजलिस भागात स्वस्त नैसर्गिक वायू मिळू लागला आणि लोक सूर्याला विसरले. बेलीच्या कंपनीनंही गॅसचे हीटर बनवायला घेतले.

सूर्याची आठवण होते ती इंधन महागल्यावर. इस्रायलमध्ये १९५०च्या दशकात इंधनाची चणचण होती, तिथं सौर हीटर घरोघर गेले, आणि १९८० साली नव्या निवासी इमारतींना ते कायद्यानं सक्तीचे झाले. आपल्याकडं १९७३च्या तेलसंकटानंतर सरकारी पातळीवर हालचाल सुरू झाली. मराठी माणसानं त्या यंत्राला नाव काय दिलं? सौरबंब! पोर्तुगिजांचा पंप, तांबटांचा बंब आणि आता गच्चीवरचा सौरबंब.

इतकं वाचून झाल्यावर मी घरच्यांना पुन्हा एकत्र बसवलं आणि फळ्यावर मांडतात तसा हिशेब मांडला. तेरा माणसं, प्रत्येकी वीस लिटरची एक बादली. हिवाळ्यात आमच्या टाकीतलं पाणी वीस अंश सेल्सिअस धरू. अंगाला लागतं चाळीस अंश. म्हणजे दोनशे साठ लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचं. वीज मोजली तर रोज सहा युनिट. हे साठवायचं झालं तर सगळं चाळीस अंशाला साठवावं लागत नाही. साठ अंशाचं एकशे तीस लिटर साठवायचं आणि तेवढंच विसण घालायचं. आलं ना विसण कामाला! साठ अंशाला साठवण्याला आणखी एक कारण आहे. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका मेळाव्याला आलेली माणसं अज्ञात आजारानं दगावली. त्याचा जो जंतू सापडला, तो लिजिओनेला, कोमट आणि साचलेल्या पाण्यात वाढतो. साठ अंशांत त्याचा टिकाव लागत नाही. मात्र साठ अंशांचं पाणी मुलांची आणि म्हाताऱ्यांची कातडी पोळू शकतं, म्हणून विसण आधी, ऊन पाणी नंतर.

मग एकेक यंत्र तपासलं. तीन किलोवॉटचा झटपट गीझर एक बादली द्यायला नऊ-साडेनऊ मिनिटं घेतो. अशा तेरा बादल्यांना दोन तास. दोन माणसांच्या घराला तो ठीक. पंचवीस लिटरचा, दोन किलोवॉटचा साठवणीचा गीझर साठ अंशाला यायला पस्तीस मिनिटं लागतात आणि त्यात अडीच माणसांची आंघोळ होते. तिसऱ्यानं वाट पाहायची. हीट पंप हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतो. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ साली मांडली होती. सहा युनिटांचं काम तो साधारण दोन युनिटांत करतो, पण यंत्र महाग आणि दुरुस्त करणारा माणूस गावात हवा. सौरबंब उन्हाळ्यात-हिवाळ्यात उत्तम, पण साताऱ्याचा पावसाळा तुम्हांला माहीत आहे.

पुतण्या म्हणाला, "मग सोलरच घेऊ, तीनशे लिटरचा, आणि पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कांडी." सगळ्यांच्या माना हलल्या. तेवढ्यात मी काकूला विचारलं, "काकू, तुला काय वाटतं?"

काकू म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं? शेवटच्याला किती ऊन पाणी मिळेल, तेवढं सांगा."

आम्ही थांबलो. तिला हा प्रश्न सुचला, कारण ती सत्तर वर्षं शेवटची होती. नरकचतुर्दशीची पहाट मला आठवते. अंधारात पणत्या, उटण्याचा वास, पायाच्या अंगठ्याखाली फुटणारं कारेटं, आणि सूर्य उगवायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकायची घाई. आधी आजोबा, मग काका, वडील, मग आम्ही मुलगे, मग मुली, मग बाया. काकू पहाटे तीनपासून बंबापाशी. तिची पाळी येईपर्यंत उजाडलेलं असे, लाकडं संपलेली असत, आणि बंबात उरलेलं पाणी हाताला ऊन लागण्याइतकंही नसे. "मला गारच बरं वाटतं," असं ती म्हणायची. आम्ही ते खरं मानलं. मला वाटतं, आम्हांला ते खरं मानायचं होतं.

तिच्या प्रश्नानं हिशेब बदलला. काकूची खोली तळमजल्यावर, सोलरची टाकी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर. मधली नळी वीस मीटर. अर्ध्या इंची नळीत तेवढ्या लांबीला साडेतीन लिटर पाणी मावतं, आणि रात्रभर ते निवलेलं असतं. म्हणजे तिनं तोटी उघडली की आधी साडेतीन लिटर गार पाणी येणार, आणि ती ते टाकून न देता त्यानंच आंघोळ उरकणार, हे आम्ही सगळे जाणून होतो. शिवाय वरच्या मजल्यांवर मुलं तोटी सोडून देणार, ती वेगळीच.

शेवटी ठरलं ते असं. गच्चीवर तीनशे लिटरचा सौरबंब. बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून काचनळ्यांचा. खाली येणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांना जाड वेष्टन. पावसाळ्यासाठी विजेची कांडी, पण ती रात्री ठरल्या वेळी लागणारी. आणि तळमजल्यावर काकूच्या न्हाणीघरात दहा लिटरचा स्वतंत्र लहान गीझर, सोलरच्या नळीवरच जोडलेला. तो फक्त नळीतल्या निवलेल्या पाण्याची भरपाई करतो. मागून सोलरचं ऊन पाणी आलं की त्याला वीज जवळपास लागत नाही. गॅस गीझर नाही. प्रत्येक न्हाणीघराला बंद न होणारी झडपेची खिडकी.

घर झालं. पहिली दिवाळी आली. पाहुणे धरून माणसं बावीस. तेल-उटण्याच्या आंघोळीला पाणी जास्त लागतं. माणशी तीस लिटर धरलं तर साठ अंशांचं तीनशे तीस लिटर हवं. म्हणजे टाकी थोडी अपुरीच. मी आदल्या रात्री सूनबाईला म्हटलं, "यंदा पाळी उलटी लावू." पहाटे पाचला काकूला उठवलं. तिला तेल लावलं नातसुनेनं. न्हाणीघराचं दार लोटलं आणि आतून पाण्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ.

बाहेर येऊन ती म्हणाली, "पाणी फार कढत होतं. दोन तांबे विसण घालावं लागलं." आणि मग, सवयीनं, "बाकीच्यांना उरलंय ना?"

उरलं होतं. सगळ्यांत शेवटी मी गेलो. पाणी कोमट होतं. मी ते अंगावर घेतलं आणि काही बोललो नाही.

जुना बंब आता जिन्याखाली आहे. चिंच लावून घासला की अजून चकाकतो. तुमच्या घरात असं काही ठरवायची वेळ आली तर किंमत पाहा, वीज पाहा, ऊन पाहा, विस्तव कुठं जळतो आणि त्याचा धूर कुठं जातो तेही पाहा. पण त्याआधी घरातली माणसं ओळीनं उभी करा आणि सगळ्यांत शेवटी कोण उभं राहतं ते बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)